दोन मोजपट्ट्यांची रायफल

फिनलंडच्या सैन्याने वापरलेली एखादी जुनी रशियन बनावटीची मोसिन रायफल जवळून पाहिली, तर नेम धरायच्या मागच्या पट्टीपाशी नजर अडकते. पट्टीच्या बैठकीला पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांशी रशियन कारखान्याने कोरलेले आकडे: ४, ६, ८, १०, १२. त्याच पायऱ्यांच्या डाव्या अंगाला दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या ठशांनी आकडे उमटवले आहेत: ३, ४½, ६, ७, ८½.

एकाच रायफलवर दोन मोजपट्ट्या. पहिली आहे अर्शिनची. अर्शिन हे जुनं रशियन माप, साधारण ७१ सेंटिमीटरचं. आपल्याकडे कापड गजाने मोजत, तसं तिकडे अर्शिनने. तेव्हा रशियन ४ म्हणजे ४०० अर्शिन, म्हणजेच २८४ मीटर. फिनिश सैनिकाला अंतराचा अंदाज मीटरमध्ये करायची सवय. शत्रू ६०० मीटरवर आहे असं समजून त्याने पट्टी रशियन ६ वर सरकवली, तर रायफल प्रत्यक्षात ४२७ मीटरसाठी लागते आणि गोळी अलीकडेच जमिनीत जाते. म्हणून फिनलंडच्या आर्मररांनी, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी, एकेक रायफल पुढ्यात घेऊन नवे आकडे ठोकले. २८४ मीटरला ३, ४२७ ला साडेचार, ५६९ ला ६.

युद्धात शत्रूकडून हाती आलेल्या रायफलींचा विषय निघाला की मला आधी हे ठोकलेले आकडे आठवतात. बंदूक जिंकून आणली की काम संपलं, असं बाहेरून वाटतं. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. तिचं माप वेगळं, काडतूस वेगळं, सुटे भाग वेगळे, आणि ती दुरुस्त करणाऱ्याची भाषाही वेगळी. परक्या सैन्याची वस्तू आपल्या सैन्यात रुजवायची म्हणजे काय काय करावं लागतं, ते या लेखात सोपं करून सांगायचं आहे.

आधी यंत्राबद्दल थोडं. बोल्ट-अॅक्शन रायफल आपल्याला अनोळखी नाही. पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री ती हीच. न्हाणीघराच्या दाराला सरकती कडी असते ना, अगदी तशी हालचाल. मूठ वर उचलायची, बोल्ट मागे ओढायचा, रिकामं काडतूस टण्णकन बाहेर पडतं. बोल्ट पुढे ढकलला की मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत शिरतं. मूठ खाली दाबली की कुलूप लागतं. चाप ओढला की गोळी सुटते. पुढच्या गोळीसाठी पुन्हा सगळं हाताने. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगातलं बहुतेक पायदळ याच जातीच्या रायफलींवर लढलं. कार्बाइन म्हणजे तिचंच आखूड रूप, घोडेस्वारांना, तोफखान्यातल्या माणसांना आणि गाडीवानांना सोयीचं.

कॉलेजात एनसीसीत असताना थ्री-नॉट-थ्री उघडून साफ करायचा तास असे. दहा रायफलींचे बोल्ट एका सतरंजीवर निघाले की आम्ही पोरं ते उचलून दिसेल त्या रायफलीत सरकवू लागायचो. उस्ताद लगेच हात धरायचे. बोल्टच्या मुठीवरचा नंबर आणि रायफलीच्या अंगावरचा नंबर एकच आहे का, ते बघायला लावायचे. तेव्हा तो नुसता शिस्तीचा भाग वाटला. कारण पुढे कळलं. बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यात किती फट राहावी याचं माप फार बारीक असतं. बोल्ट ज्या रायफलीत बसवून तपासला, तिच्यात ती फट बरोबर असते. दुसऱ्या रायफलीत तीच फट जास्त झाली तर पितळी काडतूस आतल्या दाबाने फाटू शकतं आणि तो गरम वायू गोळी झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. हजारो परक्या रायफली गोदामात ढीग होऊन पडतात तेव्हा पहिला धोका हाच असतो.

त्याहून मोठी अडचण काडतुसाची. काडतूस म्हणजे पितळी नळकांडं, आत दारू, तोंडाशी गोळी, बुडाशी ठिणगी देणारी टोपी. दुसऱ्या महायुद्धातली तीन मोठी मापं पाहा. रशियन मोसिन ७.६२ मिलिमीटर, ब्रिटिश थ्री-नॉट-थ्री ७.७, जर्मन माउझर ७.९२. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात फरक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नाही. पण काडतुसाची लांबी वेगळी, खांद्याचा उतार वेगळा. रशियन आणि ब्रिटिश काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, थाळीच्या काठासारखी. जर्मन काडतुसाला तशी कड नाही, तिथे खाच आहे. त्यामुळे मॅगझिनची घडण, बोल्टचं तोंड, काडतूस ओढून काढणारा आकडा, सगळंच बदलतं. एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नाही. म्हणजे शत्रूच्या दहा हजार रायफली मिळाल्या आणि काडतुसं एका आठवड्याची मिळाली, तर आठवड्यानंतर हातात उरतात त्या दहा हजार काठ्या. पुढे संगीन लावायची सोय असलेल्या, इतकंच.

फिनलंडची गोष्ट म्हणूनच वेगळी पडते.

फिनलंड १९१७ पर्यंत रशियन साम्राज्यात होतं. ६ डिसेंबर १९१७ ला देशाने स्वातंत्र्य जाहीर केलं. जानेवारी १९१८ मध्ये यादवी पेटली, तेव्हा सरकारी बाजूचा सेनापती मानरहाइम याच्या माणसांनी ऑस्ट्रोबोथ्निया भागातल्या रशियन ठाण्यांची शस्त्रं काढून घेतली. रशियन सैन्य निघून गेल्यावर कोठारं मागे राहिली. अशी नव्या देशाची मुख्य रायफल ठरली जुन्या मालकाचीच, १८९१ सालची मोसिन. पुढच्या वीस वर्षांत फिनलंडने युरोपभरातून आणखी मोसिन विकत घेतल्या. त्यांतल्या बऱ्याच पहिल्या महायुद्धात जर्मनीने आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने रशियाकडून जिंकलेल्या होत्या. म्हणून फिनिश रायफलींवर कधी कधी व्हिएन्नाच्या शस्त्रकारखान्याचा ‘एझेडएफ’ असा शिक्काही सापडतो. काही तर अमेरिकेत बनलेल्या. झारच्या सरकारला पहिल्या महायुद्धात रायफली पुरेनात, तेव्हा त्याने रेमिंग्टन आणि वेस्टिंगहाउस या कंपन्यांना मोसिन बनवायचं काम दिलं होतं. अमेरिकन कामगाराने झारसाठी घडवलेली रायफल शेवटी रशियाच्याच विरुद्ध लढणाऱ्या फिनिश शेतकऱ्याच्या हाती गेली.

फिनलंडने एक गोष्ट कधीच केली नाही. मोसिनचा रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो मधला पोलादी भाग, त्यांनी स्वतः बनवला नाही. तो घडवायला सगळ्यात अवघड आणि जुन्या रायफलींमधून आयता मिळणारा. त्यांनी नळ्या नव्या केल्या. जुनी झिजलेली नळी पेचावरून सोडवायची, नवी जाड आणि अचूक नळी बसवायची, चाप हलका करायचा, नेम धरायची साधनं सुधारायची, लाकूड बदलायचं. एम-२४, एम-२७, एम-२८, एम-२८-३० आणि शेवटी एम-३९, ही सगळी त्याच जुन्या सांगाड्यावरची नवी अंगं.

एम-३९ हातात घेतली की तिच्यावर इतिहास वाचता येतो. नळीवर साल १९४२ आणि कारखान्याची खूण. शेजारी चौकटीत ‘एस ए’, म्हणजे सुओमेन आर्मेइया, फिनलंडचं सैन्य. दस्ता बर्च लाकडाचा. तो अखंड नाही, दोन तुकडे बोटांत बोटं गुंतवावीत तसे एकमेकांत बसवलेले आहेत. हवेत ओल आली, थंडी वाढली की लाकूड फुगतं, वाकतं, आणि लाकडाचा दाब नळीवर आला की नेम सरकतो. या जोडामुळे तो त्रास कमी होतो. आता स्क्रू काढून सगळं लोखंड लाकडातून बाहेर घ्या आणि रिसीव्हरची मागची शेपटी उलटी करा. एरवी लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या त्या जागेवर रशियन कारखान्याने टाकलेलं जुनं साल सापडतं, कधी कधी १८९० च्या दशकातलं. नळी आणि रिसीव्हर यांच्या वयात पन्नास वर्षांचं अंतर.

३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत सैन्य सीमेवरून आत आलं. हिवाळी युद्ध १०५ दिवस चाललं. दोन्ही बाजूंची रायफल मुळात एकच आणि काडतूसही एकच. फिनलंडकडे सगळ्याची टंचाई होती, पण पडलेल्या सोव्हिएत सैनिकाच्या कमरपेटीतली काडतुसं फिनिश सैनिक तसाच आपल्या रायफलीत भरू शकत होता. जानेवारी १९४० मध्ये पूर्व सीमेजवळच्या राते नावाच्या रस्त्यावर सोव्हिएत ४४ वी डिव्हिजन जंगलात तुकड्या-तुकड्यांनी कोंडून मोडली गेली, तेव्हा तोफा, गाड्या आणि हजारो रायफली फिनिश सैन्याला मिळाल्या. यांतल्या मोसिनसाठी कोणाला नवं शिक्षण द्यावं लागलं नाही. एम-३९ आखतानाच नळीचं आतलं माप किंचित मोठं ठेवलं होतं, सोव्हिएत काडतुसं तिच्यात नीट चालावीत म्हणून. शत्रूचा दारूगोळा हा आपल्या पुरवठ्याचा भाग धरून केलेलं हे नियोजन मला फार मोलाचं वाटतं. लहान देशाने आपली गरिबी ओळखून, कुठेही पोकळ अभिमान न ठेवता विचार केला होता.

सिमो हायहा हा रौत्यार्वीचा शेतकरी आणि शिकारी याच युद्धात लढला. त्याच्या नावावर ५०० हून अधिक शत्रुसैनिक नोंदले जातात. त्याची रायफल एम-२८-३० होती, दुर्बिणीशिवाय. ६ मार्च १९४० ला जबड्यात गोळी लागून तो कोसळला, वाचला, आणि पुढे दीर्घायुष्य जगला. त्याच्या रायफलीचा रिसीव्हरसुद्धा मुळात रशियन सैन्यासाठी घडलेला.

जर्मनीने हाच प्रश्न अगदी उलट बाजूने सोडवला. १९३९ पासून एकेक देश पडत गेला आणि पोलंड, फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, नॉर्वे, ग्रीस, युगोस्लाव्हिया, सोव्हिएत संघ, सगळीकडच्या रायफली जर्मन गोदामांत आल्या. एवढा माल वापरायचा तर आधी त्याला ओळख हवी. म्हणून परक्या शस्त्रांची सूची तयार झाली. रायफलींना २०० च्या घरातले क्रमांक, कार्बाइनना ४०० च्या घरातले, आणि शेवटी कंसात मूळ देशाचं जर्मन आद्याक्षर. रशियनला ‘आर’, फ्रेंचला ‘एफ’, पोलिशला ‘पी’, इटालियनला ‘आय’, चेकला ‘टी’. १९३० नंतरची सुधारित मोसिन जर्मन कागदावर झाली २५४ आर. गोदामातल्या कारकुनाला रशियन अक्षरं वाचता येत नसली तरी चालेल. काडतूस कुठलं, सुटे भाग कुठले, हे सूची उघडली की कळणार.

पण काडतुसांचा गोंधळ सूचीने मिटत नाही. म्हणून या रायफली सहसा आघाडीच्या मुख्य तुकड्यांना दिल्या जात नसत. किनाऱ्यावरची ठाणी, व्यापलेल्या मुलखातले पहारे, रेल्वेची राखण, पोलिस, प्रशिक्षण केंद्रं, अशा एका जागी बसणाऱ्या माणसांना त्या मिळत. फ्रेंच किनाऱ्यावरच्या तुकडीला फ्रेंच रायफल दिली आणि फ्रेंच काडतुसांचा साठा शेजारच्याच कोठारात असला, तर काम भागतं. तीच तुकडी उचलून पूर्व आघाडीवर नेली की फसलं. १९४४ च्या शरदात म्हातारे आणि पोरं भरून ‘फोल्क्सश्टुर्म’ उभी केली, तेव्हा ही शिस्तही राहिली नाही. इटालियन कारकानो रायफली बाहेर निघाल्या, काहींची नळी बदलून जर्मन काडतुसाला जुळवल्या गेल्या, आणि कित्येकांना मूठभर काडतुसं देऊन रस्त्याच्या नाक्यावर उभं केलं.

चेकोस्लोव्हाकियाचं प्रकरण मात्र जर्मनीला फळलं. तिथली रायफल मुळात माउझर घराण्यातली, काडतूस तेच ७.९२. मार्च १९३९ मध्ये ब्र्नोचा कारखाना हाती आला आणि तिथलं उत्पादन जर्मन शिक्का मारून सुरूच राहिलं. बदल फारसा करावा लागला नाही.

आणखी एक मार्ग असतो: रायफल ठेवायची आणि तिला आपलं काडतूस शिकवायचं. पोलंडने १९२० च्या दशकात रशियन मोसिन कापून, नवी नळी घालून, मॅगझिन आणि बोल्ट बदलून जर्मन ७.९२ च्या कार्बाइन केल्या. कडेच्या काडतुसासाठी बनलेलं यंत्र बिनकडेच्या काडतुसाला वळवणं हे मोठं कौशल्याचं काम. नॉर्वेने १९४५ नंतर तेच केलं. शरण आलेल्या साडेतीन लाखांच्या आसपास जर्मन सैनिकांची शस्त्रं देशात पडली होती. नाटोत गेल्यावर अमेरिकन काडतुसं मिळू लागली, तेव्हा जर्मन कार्बाइनना नव्या नळ्या बसवल्या. अमेरिकन काडतूस जरा लांब, म्हणून रिसीव्हरच्या पुढच्या कड्याला आतून अर्धचंद्राकृती खाच पाडली. वर शिक्का बसला ‘हेर’, म्हणजे नॉर्वेजियन भाषेत भूसेना. पाच वर्षं देश व्यापून बसलेल्यांची बंदूक नॉर्वेच्या होमगार्डकडे पुढे कित्येक वर्षं राहिली.

हे सगळं कायद्यात बसतं का, असं काही वाचक विचारतील. बसतं. रणांगणावर मिळालेली शत्रुराष्ट्राची शस्त्रं ही युद्धातली लूट मानली जाते आणि ती वापरता येतात. १९०७ च्या हेग नियमांनी मना केलं आहे ते शत्रूचा गणवेश आणि झेंडा यांच्या गैरवापराला. व्यवहारात धोका निराळाच. अनुभवी सैनिक रायफल आवाजावरून ओळखतो. अंधारात शत्रूच्या बंदुकीचा आवाज आपल्याच बाजूने आला, तर आपलीच माणसं तिकडे गोळ्या झाडतात.

सोव्हिएत संघाने लाखोंनी जर्मन कार्बाइन मिळवल्या. युद्धानंतर त्यांच्या शस्त्रशाळांत त्या सगळ्या उघडल्या गेल्या. बोल्ट एका ढिगात, लाकूड दुसऱ्या ढिगात, रिसीव्हर तिसऱ्या. साफ करून, तपासून, मिळेल तो भाग मिळेल त्याला जोडला, नव्याने काळा मुलामा दिला, दस्त्यावर लाखेचं तांबूस रोगण चढवलं आणि रिसीव्हरचा नंबर बोल्टवर नव्याने टाकला. आमच्या उस्तादांनी शिकवलेला नंबर जुळवण्याचा नियम इथे कारखान्याच्या पातळीवर पाळला गेला. मग त्या रायफली गोदामात गेल्या, आणि काही तिथून व्हिएतनामला. जर्मन कारखान्यात बनलेली, रशियन सैनिकाने जिंकलेली, व्हिएतनामी सैनिकाने वापरलेली आणि शेवटी अमेरिकन सैनिकाने घरी नेलेली कार्बाइन आज अमेरिकेतल्या संग्रहांत सापडते.

१९४८ मध्ये पॅलेस्टाईनमधल्या ज्यूंच्या हगाना या सशस्त्र संघटनेला चेकोस्लोव्हाकियाने रायफली विकल्या, त्याही जर्मन घडणीच्या. ‘नोरा’ जहाज एप्रिलच्या सुरुवातीला तेल अवीवला लागलं, तेव्हा ४,५०० रायफली कांद्याच्या ढिगाखाली होत्या. अशा कित्येक रायफलींवर नाझी गरुडाचा शिक्का होता, आणि नाझी छळातून वाचलेली माणसं त्या हातात घेऊन लढली. काहींवरचा तो शिक्का पुढे घासून काढला गेला. हे वाचताना माझा हात थांबतो.

आता आपल्या माणसांकडे. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि ब्रिटिश सैन्याचा प्रचंड शस्त्रसाठा जपानला मिळाला. आझाद हिंद फौज उभी राहिली, तेव्हा तिच्या सैनिकांना दिली गेली ती हीच जिंकलेली ब्रिटिश शस्त्रं. थ्री-नॉट-थ्री त्यांच्या ओळखीची होती, तिच्यावरच त्यांचं शिक्षण झालं होतं. त्या दृष्टीने निवड योग्य. पण काडतुसाकडे पाहा. जपानी पायदळाची जुनी रायफल ६.५ मिलिमीटरची. नवी ७.७ ची, म्हणजे आकडा थ्री-नॉट-थ्रीचाच, पण जपानी काडतूस बिनकडेचं. शेजारच्या जपानी तुकडीच्या पेट्यांमधलं एकही काडतूस आझाद हिंदच्या सैनिकाच्या रायफलीत चालणार नाही. मलायात आणि सिंगापुरात मिळालेल्या साठ्यावर भिस्त, आणि तो साठा ब्रह्मदेशातून डोंगर ओलांडून पुढे न्यायचा. इम्फाळच्या मोहिमेत या सैनिकांची अन्नापासून औषधांपर्यंत किती आबाळ झाली, ते ठाऊक आहे. रायफलीचीही ही बाजू त्यात धरायला हवी. फौजेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत सावंतवाडी भागातले जगन्नाथराव भोसले होते. आणि त्याच १९४४ च्या मार्चमध्ये, इम्फाळच्या ईशान्येला सांगशाकच्या टेकडीवर, जपान्यांना अडवणाऱ्या ब्रिटिश-हिंदी सैन्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. तिच्याही हातात थ्री-नॉट-थ्रीच.

पहिल्या महायुद्धातली याच घराण्यातली एक रायफल लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. एसेक्स रेजिमेंटची ती रायफल तुर्कांनी गॅलिपोलीत जिंकली. तिच्यावर सोन्याने मजकूर मढवला, चनक्कलेच्या, म्हणजे गॅलिपोलीच्याच, लढाईतली लूट अशा अर्थाचा. तुर्कांचा युद्धमंत्री एन्व्हर पाशा याच्याकडून ती पुढे तुर्कांविरुद्ध उठलेल्या अरब राजपुत्र फैसलकडे गेली आणि फैसलने ती टी. ई. लॉरेन्सला दिली. तुर्कांनी जिंकलेली ब्रिटिश रायफल एका ब्रिटिश अधिकाऱ्याने तुर्कांवरच चालवली. तिच्या लाकडावर त्याची आद्याक्षरं कोरलेली आहेत.

फिनलंडमध्ये मोसिनचं काम महायुद्धाबरोबर संपलं नाही. १९८० च्या दशकात तिथल्या सैन्याला नेमबाजांसाठी नवी रायफल हवी होती. त्यांनी गोदामातले जुने रिसीव्हर बाहेर काढले, त्यांना नव्या जाड नळ्या आणि नवे दस्ते बसवले, वर दुर्बीण लावली आणि नाव दिलं टीकेआयव्ही-८५. काही रिसीव्हरच्या शेपटीवर, लाकडाखाली, अजूनही झारच्या काळातलं साल आहे.